केकची मागची बाजू

माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. ताप उतरवणारा नव्हे, चढवणारा. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर. कुणी जिन्यावरून पडलं तर हा त्याला उठवणार नाही, 'पडणं म्हणजे नेमकं काय' याचा विचार करत वरच्या पायरीवर उभा राहील.

एगबर्ट क्रुडेविग त्याचं नाव. मी फ्रीडरीके होल्त्से, त्याची थोरली बहीण. माझा नवरा स्टेशनमास्तर होता. तो गेला आणि मी या विद्यापीठाच्या गावात एगबर्टचं घर सांभाळायला आले. एका वर्षासाठी म्हणून आले होते, आठ वर्षं झाली. आमचा मधला भाऊ ड्युसेलडॉर्फला मोहरी वाटून बरण्या भरतो, मोठा कारखाना आहे त्याचा. त्यानं यंदा सरळ सांगितलं, "नाताळपर्यंत एगबर्ट विद्यापीठात चिकटला तर ठीक. नाहीतर इकडं येऊन माझ्या दुकानात बसेल." एगबर्ट आणि दुकानात! गिऱ्हाईक बरणी मागणार आणि हा त्याला बरणीचं स्वरूप समजावून सांगणार. दुकान बुडालं असतं ते बुडालंच असतं, पण हा पोरगा आतल्या आत मेला असता. शिकवणं सोडलं तर याला जगात दुसरं काही येत नाही हो. अंडं उकडायला ठेवलं तर पाणी घालायचं विसरतो.

आमच्याकडं नुसतं डॉक्टर झालं म्हणून कुणी वर्गात शिकवायला उभं करत नाही. आणखी एक जाडजूड प्रबंध लिहायचा. मग उंच काळी टोपी घालून रविवारी एकूण एक प्राध्यापकाच्या दारी हजेरी लावायची. मग सगळ्यांसमोर भाषण. आवडलं तर प्राध्यापक बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतात, नाही आवडलं तर फरशीवर बूट घासतात. बूट घासले की संपला कारभार. आणि ठोकायचं की घासायचं हे तत्त्वज्ञानात एकच माणूस ठरवतो, गेहाइमराट ट्राउटवाइन. बाकीचे त्यांच्या बुटांकडं बघून आपले बूट हलवतात.

गेहाइमराट ही कैसरनं, म्हणजे आमच्या बादशहानं, दिलेली पदवी. नवऱ्याला मिळाली की बायकोला फुकटात लागते, म्हणून त्यांच्या पत्नीला सगळं गाव गेहाइमराटीणबाई म्हणतं. पदवी नवऱ्याला शोभत नाही एवढी त्यांना शोभते.

साहेबांचा पंथ फार सोपा आहे, त्यामुळं तो कळायला दहा वर्षं लागतात. आधी काही ठरवून बसू नका, अनुभवात जे जसं येतं ते तसं सांगा. समोरची वस्तू खरोखर आहे की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. झालं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पोरांनी एका बिअरच्या मगाचं वर्णन सुरू केलं ते वसंत आला तरी चालूच होतं. मगात बिअर काही कुणी ओतली नाही. आणि हे ऐकायला पार पोलंडातून, रशियातून पोरं येतात!

मी एकदा एगबर्टला म्हटलं, "मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसलाच हा तुमचा पंथ."

तो खूश होऊन म्हणाला, "नाही ताई. आम्ही डोळे उघडे ठेवतो आणि दूध बाजूला ठेवतो."

तर घोडं अडलं ते प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर. स्वयंपाकघरात मी बटाटे सोलत होते आणि तो मला सांगत होता.

"ताई, अनुभवाकडं बघा ही गोष्ट आधी समुद्रापलीकडच्या लोकांनी सांगितली. इंग्रजांनी, स्कॉटलंडच्या लोकांनी. दीडदोनशे वर्षांपूर्वी. ते म्हणाले, डोक्यात जे काही आहे ते डोळ्यांवाटे, कानांवाटे, जिभेवाटे आत आलंय. उरलेली सगळी सवय."

"मग तुझे साहेब वेगळं काय सांगतात?"

"साहेब म्हणतात, त्या लोकांनी अनुभवाचा भुगा केला. इथं लाल ठिपका, तिथं गोड चव, असा सुटा सुटा. पण आपण ठिपके बघत नाही, अख्खी वस्तू बघतो. घराची पुढची भिंत दिसली तरी मागची धरूनच बघतो. हे खरं आहे ताई. तिथं साहेब त्यांच्या खूप पुढं गेले."

"मग लिही की तसं."

"लिहिलंय. पण पाव त्या लोकांच्या भट्टीतला होता, हेही लिहिलंय. साहेबांनी तरुणपणी कितीतरी वर्षं तेच शिकवलं. अनुभवाला सोडायचं नाही ही खोड त्यांना तिथंच लागली. पुढं भांडण झालं हे कबूल. पण भांडण बापाशीच झालं ना?"

आता हे साहेबांना कसं पचणार? इंग्रजांचं नाव काढलं की त्यांच्या मिशा उभ्या राहतात. त्यांनी मदतनिसाच्या हाती निरोप धाडला की चौथं प्रकरण गेलं तर क्रुडेविग राहतील, चौथं प्रकरण राहिलं तर क्रुडेविग जातील.

"काढून टाक," मी म्हटलं.

"ताई, अगं पण ते खरं आहे!"

"खरं आहे ना? मग ते कुठं पळून जातंय? तुला एकदा वर्गात उभं राहू दे, मग सांग काय सांगायचं ते. आत्ता पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"मीठ साहेबांनी खाल्लंय. तू कशाला जागतोस? तू झोप!"

त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. हात कसले, भांडी घासून घासून खरखरीत झालेत. हळूच म्हणाला, "बरं." मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बटाटे मात्र मी जास्तच जाड सोलले त्या दिवशी.

भाषण मंगळवारी होतं, पण खरी परीक्षा आदल्या रविवारी साहेबांच्या घरी कॉफीला. ते सगळ्यांना माहीत असतं. दर रविवारी कॉफीच्या टेबलावर साहेब कुणातरी उमेदवाराला एखादी वस्तू दाखवतात आणि तिचं वर्णन करायला लावतात. वर्णन संपेपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही. एकदा एका बिचाऱ्यानं बिस्किटाचं इतकं सखोल वर्णन केलं की कॉफीवर साय धरली.

आम्ही फाटकातून आत शिरलो तर अंगणात मेन्ने बांधलेला. मेन्ने म्हणजे साहेबांचा डाकेल कुत्रा, लांबच लांब अंग आणि जेमतेम चार बोटं उंचीचे पाय. नोव्हेंबरची थंडी, बिचारा लटलट कापत होता. ईस्टरपासून तो घराबाहेर आहे. आळ काय, तर दर शनिवारी केक कुणीतरी कुरतडायचं, आणि साहेबांनी चोर ओळखला, मेन्ने! केक असायचा कपाटाच्या वरच्या फळीवर. पण गेहाइमराटांनी सांगितलं म्हटल्यावर अख्ख्या विद्यापीठानं मान डोलावली. त्याच सुमारास वैद्यांनी साहेबांची साखर बंद केली होती. ते कुणी लक्षातही घेतलं नाही. आणि तेव्हापासून साहेब रविवारचा केक स्वतःच टेबलावर आणून ठेवतात, स्वतःच कापतात, दुसऱ्या कुणाला ताटलीला हात लावू देत नाहीत. बाई कौतुकानं सांगतात, "म्हातारपणी का होईना, संसारात लक्ष घालायला लागले!"

आमच्या घरांतून बसायची जागा मानाप्रमाणं असते. सोफ्यावर गेहाइमराटीणबाई, शेजारी धर्मशास्त्राच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाची विधवा. बाजूच्या खुर्च्यांवर प्राध्यापक. त्यात क्नोके, मानसशास्त्राचे, साहेबांचे जुने वैरी. माणसाला बोटाला टाचणी टोचली की 'आई गं' म्हणायला किती वेळ लागतो हे मोजायची यंत्रं आहेत त्यांच्याकडं. टेबलाच्या अलीकडं एकटे साहेब, आरामखुर्चीत, शेगडीकडं पाठ करून. समोर केक. आणि स्टेशनमास्तरची विधवा कुठं? साहेबांच्या मागं, शेगडीपाशी, तिवईवर. कोळशाच्या बादलीशेजारी. मी म्हटलं असू दे, ऊब तर आहे.

दारातून आत येताना बघितला, केक मात्र बघण्यासारखा होता. उंच पायाच्या ताटलीवर टोपीएवढा उंच, वरून साखरेचं पांढरंशुभ्र कडक कवच, माथ्यावर हेझलनटची रांग, रमचा घमघमाट. तिवईवरून मला सोफ्यावरच्या लोकांचे चेहरे दिसत होते, आणि केकच्या जागी साहेबांची रुंद पाठ.

"डॉक्टर क्रुडेविग," साहेब म्हणाले, "आज केक."

एगबर्ट उठला. रंग सांगितला, कवचावरची चमक सांगितली, खिडकीकडची बाजू जराशी निळसर दिसते तेही सांगितलं. खरं सांगते, छान बोलला. मला साखर बघायला शिकवलं त्यानं. शेवटी म्हणाला, "मला दिसते ती पुढची बाजू. पण मी अर्धा केक बघत नाही. मागची गोलाई, आतलं भरीव पोट, सगळं धरूनच बघतो."

क्नोके खुर्चीत सरसावले. "आणलंत कुठून ते भरीव पोट? लहानपणापासून केक खाल्लेत, म्हणून तसं वाटतं. सवय आहे ती, दुसरं काय?"

"आला भुग्याचा व्यापारी!" साहेब गुरगुरले. मग मुद्दाम सावकाश म्हणाले, "सांगा डॉक्टर. केकची मागची बाजू तुम्हाला कळली ती अनुभवाच्या, सवयीच्या जोरावर? की अनुभवाची तिथं गरजच नाही?"

चौथं प्रकरण राहणार की जाणार, हाच तो प्रश्न. एगबर्टनं साहेबांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सांग बाबा, सांगून टाक.

"अनुभवाची गरज नाही," एगबर्ट म्हणाला.

"म्हणजे चौथं प्रकरण...?"

"काढलं, साहेब."

"वा!" साहेबांनी टेबलावर पेरं ठोकली. लगेच इतर प्राध्यापकांनी ठोकली. क्नोके सोडून. जिंकलो! नाताळ वाचला, मोहरी टळली. साहेब एवढे खूश झाले की पुढं वाकून त्यांनी एका प्राध्यापकाचा हात दाबला. आणि ते वाकले तशी मला त्यांच्या बगलेखालून केकची मागची बाजू दिसली.

नव्हतीच ती! मागून केक पार पोखरलेला. वरचं छप्पर शाबूत, पुढची भिंत शाबूत, आणि मध्ये ही एवढी गुहा. आत चमच्याचे ओरखडे. घुशीनंसुद्धा लाजावं असं काम!

साहेब मागं टेकले, मान वळवली, आणि आमची नजरानजर झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी कैसरच्या गेहाइमराटाच्या डोळ्यांत बघितलं. नजरेनंच सौदा पुरा झाला. तुम्ही माझ्या भावाला सांभाळा, मी तुमची गुहा सांभाळते. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौथं प्रकरण गेलं खड्ड्यात, नाहीतरी खड्डा तयार होताच.

पण आमच्या घरात एक शहाणा आहे ना!

रीत अशी, की उमेदवारानं उठून यजमानांपुढं वाकून आभार मानायचे. एगबर्ट निघाला. सोफ्याला वळसा, क्नोकेंच्या गुडघ्यांना वळसा. मी खोकले. कोळशाची बादली पायानं उलथवली. जवळून जाताना त्याच्या कोटाचं टोक ओढलं. कशाचा काय! तो साहेबांच्या शेजारी आला, कंबरेत वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

दुसऱ्या कुणी काय केलं असतं? डोळे फिरवले असते. माझ्यासारख्या अडाणी बाईनं फिरवलेच की. पण साहेबांनी या पोरांना वर्षानुवर्षं एकच शिकवलंय, समोर येईल ते आधी काही न ठरवता जसंच्या तसं सांगा. एगबर्टचं तोंड आपोआप सुरू झालं.

"इथं एक पोकळी आहे," तो म्हणाला. "कडा मऊ, आतून ओलसर, पिवळी. भिंतीवर उभे ओरखडे आहेत, रुंदी चहाच्या चमच्याएवढी. भरीव पोट नाही. मी भरीव म्हणालो होतो, ते चुकलं."

"एगबर्ट, गप्प बस रे!" मी ओरडले.

"ताई, अगं पण नाहीये ना!" तो सरळ झाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. "साहेब, माफ करा. मघाशी मी खोटं बोललो. मला भीती वाटत होती म्हणून. चौथं प्रकरण मी काढलेलं नाही, माझ्याच्यानं ते काढवलं नाही. काल रात्री पानं हातात धरून बसलो आणि परत ठेवून दिली."

मी कपाळावर हात मारला. आठ वर्षं, आठ वर्षं मी या गाढवाला सूप पाजलं! आणि तरीही, खोटं कशाला सांगू, छातीत काहीतरी असं भरून आलं की डोळ्यांतून पाणीच आलं माझ्या.

गेहाइमराटीणबाई सोफ्यावरून उठल्या. लग्न झाल्यापासून त्या बाजूला त्या कधी गेल्या नसतील. सगळ्यांना वळसा घालून आल्या, वाकल्या, बघितलं. तशाच दारापाशी गेल्या, अंगणातून मेन्नेला आत घेतलं आणि टेबलाजवळ आणून उभा केला.

मेन्नेचं डोकं खुर्चीच्या बैठकीलासुद्धा पोचत नव्हतं.

"ओटोकार," बाई साहेबांना शांतपणे म्हणाल्या, "हा वरच्या फळीवर चढत होता?"

साहेब ताटलीकडं बघत राहिले. क्नोके खो खो हसायला लागले. बाई गर्रकन त्यांच्याकडं वळल्या.

"तुम्हाला हसायला काय झालं हो? माणसाच्या दुखण्याचे क्षण मोजता तुम्ही! या घरी दर रविवारी येता. या कुत्र्याचे पाय मोजावेत असं एकदा तरी वाटलं?"

क्नोकेंचं हसू जागच्या जागी विरलं. बाकीच्यांनी कॉफीच्या कपांत डोळे बुडवले. खोलीत फक्त मेन्नेच्या दातांची कडकड ऐकू येत होती, थंडी अजून गेली नव्हती त्याची.

शेवटी साहेबच बोलले. आवाज पार बसला होता. "क्रुडेविग, मघाचाच प्रश्न. आता खरं उत्तर द्या. मागची बाजू कुठून येते?"

एगबर्टनं विचार केला. तेव्हाही केला! माझा इकडं जीव जात होता.

"साहेब, पुढची बाजू बघताना मागं काहीतरी आहे असं वाटतंच, नुसते ठिपके दिसत नाहीत, हे मी तुमच्याकडून शिकलो. ते त्या समुद्रापलीकडच्या लोकांना कधी जमलं नाही. पण उठून मागं जाऊन बघायचं, आणि नसेल तर नाही म्हणायचं, हे त्यांचं. तुम्ही ते त्यांच्याकडूनच घेतलंत आणि आम्हाला दिलंत. नाहीतर मी आत्ता बोललोच नसतो."

साहेबांनी खाली बघितलं. त्यांच्या जाकिटाच्या बटणावर साखरेचा कण होता. त्यांनी तो बोटानं टिपला, खाणार होते, बायकोकडं बघितलं आणि रुमालाला पुसला.

"मंगळवारी वेळेवर या," ते म्हणाले. "आणि चौथं प्रकरण घेऊन या. आत्ता शेवटी जे बोललात तेही त्यात घाला. मला नाही जमलं इतक्या वर्षांत ते लिहायला." मग त्यांनी उजवा हात उचलला आणि टेबलावर पेरं ठोकली. हळूच, दोनदा. बाकीच्यांना काय करावं कळेना, कारण ठोकायचं तर टेबलावर केकचं छप्पर पडायच्या बेतात होतं.

बाईंनी सुरी घेतली. जे उरलं होतं ते कापलं. साहेबांच्या वाट्याचा तुकडा त्यांनी बशीत घातला आणि मेन्नेपुढं ठेवला. "घे रे बाळा. ईस्टरपासून तुझी शिक्षा भोगतोयस, निदान चव तरी बघ."

सगळे बघत होते. गेहाइमराट, क्नोके, म्हातारी विधवा, मी. मेन्ने पुढं झाला, केक हुंगला, शिंकला, आणि तोंड फिरवून शेगडीपाशी माझ्या पायांवर येऊन झोपला. त्याला केक आवडतच नव्हता.